खमराह म्हणजे ‘तेच, फक्त स्वस्त’? नाही हो!

सध्या एक दावा जिकडेतिकडे फिरतोय की लताफा कंपनीचा खमराह हा स्वस्तातला परफ्यूम म्हणजे किलियन या महागड्या ब्रँडच्या एंजल्स शेअर परफ्यूमची डिट्टो कॉपी, फॉर्म्युला तोच, बाटली दोन महिने कपाटात ठेवली की फरक कळतच नाही, वर टिकतोही जास्त म्हणजे ओरिजनलपेक्षा भारी, आणि महागडं घेणारे नुसते नावाचे पैसे मोजतात. मला खमराह आवडतो, मी वापरतेसुद्धा, म्हणूनच बोलावंसं वाटलं.

फॉर्म्युला तोच, हे कशावरून? तर दोन्हीच्या नोट्सची, म्हणजे वासात जाणवणाऱ्या छटांची, यादी शेजारी शेजारी ठेवायची, दालचिनी, प्रालिन (साखरेत घोळवलेला सुकामेवा), टोंका (व्हॅनिलासारख्या वासाची बी), व्हॅनिला दोन्हीकडे दिसलं की झालं. अहो ती यादी म्हणजे वासाचं वर्णन, कुठला घटक किती टक्के हे त्यात नसतंच. गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या चाचणीने, बाटलीतलं बरंच काही शोधता येतं हे मान्य, पण एकेका नैसर्गिक तेलात शेकडो घटक असतात, शिवाय काही रेणू कंपन्या पेटंट घेऊन स्वतःकडेच ठेवतात, बाहेर विकतच नाहीत. आणि नाकाला तरी विचारा ना! 2020 चा एंजल्स शेअर कोन्याक (एक फ्रेंच ब्रँडी) आणि ती मुरवायच्या ओक लाकडाच्या पिंपाभोवती फिरतो, ब्रँडचा संस्थापक किलियन हेनेसी त्या कोन्याकवाल्या घराण्यातलाच, आणि नाव कसलं तर पिंपातून हवेत उडून जाणाऱ्या दारूचं, म्हणजे देवदूतांचा वाटा. 2022 च्या खमराहमध्ये मधोमध खजूर बसलाय, जास्त गोड, जास्त चिकट. चुलत भावंडं म्हणा हवं तर, जुळी नाहीत.

आता ते कपाटाचं. याला सगळे मॅसरेशन म्हणतात, खरं तर मॅसरेशन म्हणजे फुलं-मसाले भिजत घालून त्यांचा अर्क काढणं, इथे म्हणायचं असतं ते मुरणं. तेलं अल्कोहोलमध्ये मिसळल्यावर वास थोडा मुरतो हे खरंय, पण दोन महिन्यांत त्यात नसलेलं कोन्याक कुठून येणार? रंग गडद झाला म्हणून लोक खूश होतात, तर तो व्हॅनिलिनमुळे, म्हणजे व्हॅनिलाला वास देणाऱ्या घटकामुळे होतो, व्हॅनिलावाली परफ्यूम काळाने तपकिरी पडतातच. आणि दोन महिन्यांत बदलतं ते बऱ्याचदा आपलं नाक, वासाची सवय होते आणि पहिल्या दिवशी खटकलेलं खटकेनासं होतं.

किमतीचा मुद्दा मात्र अर्धा बरोबर. महागड्या बाटलीच्या किमतीत आतल्या द्रवाचा वाटा छोटाच, बाकी खोका, जाहिरात, दुकानाचं मार्जिन. पण तो वास आधी एंजल्स शेअर बनवणाऱ्या बेन्वा लापुझाने जमवला, मग बाकीच्यांना वाट सोपी झाली, हेही धरा की. (समोरून ‘चोरी, चोरी’ ओरडणाऱ्यांनाही सांगते, जून 2006 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च कोर्टाने परफ्यूमच्या वासाला कॉपीराइट नाही म्हटलं आणि त्याच महिन्यात नेदरलँड्सच्या कोर्टाने असू शकतो म्हटलं, एवढं ते गुंतागुंतीचं आहे.)

टिकतो म्हणून भारी, यात काही दम नाही. व्हॅनिलिन, कुमारिन असले घटक हळूहळू उडतात म्हणून गोड परफ्यूम तासन्‌तास राहतात, लिंबाचा वास लवकर जातो, म्हणून लिंबूवालं परफ्यूम हलक्या प्रतीचं ठरतं का? उलट खमराहचे सात-आठ फवारे मारून लिफ्टमध्ये शिरलात तर बाकीच्यांना तो टिकतोय याचं अजिबात कौतुक वाटत नाही, दोन पुरे.