शुक्राचे उदाहरण विसरता येणार नाही
चुंबकीय क्षेत्र नसलेल्या ग्रहाचे वातावरण सौरवादळे हळूहळू हिरावून नेतात, हे लेखातील प्रतिपादन मंगळाबाबत योग्य आहे. सप्टेंबर २०१७ मधील सौरवादळाच्या वेळी मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या मेव्हन यानाला मंगळावर नेहमीप्रमाणे एखाद्या भागापुरता नव्हे, तर संपूर्ण ग्रहभर पसरलेला अतिनील ध्रुवीय प्रकाश, म्हणजे सूर्याकडून आलेले कण वातावरणावर आदळल्याने उमटणारी चमक, दिसला, आणि तो त्या यानाने पूर्वी टिपलेल्या कोणत्याही ध्रुवीय प्रकाशापेक्षा २५ पटींहून अधिक तेजस्वी होता. त्याच काळात मंगळाच्या पृष्ठभागावरील नासाच्या क्युरिऑसिटी या फिरत्या बग्गीने किरणोत्साराची पातळी दुप्पट झाल्याचे नोंदवले. भावी अंतराळवीरांच्या दृष्टीने ही दुसरी नोंद मला अधिक गंभीर वाटते.

मात्र शुक्राचा उल्लेख लेखात हवाच होता. त्यालाही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नाही, तो सूर्याच्या अधिक जवळ आहे, तरीही त्याच्या पृष्ठभागावरील वातावरणाचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट आहे. सौरवात, म्हणजे सूर्याकडून सतत येणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह, शुक्राच्या आयनांबरावर (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावर) आदळून तेथे प्रेरित चुंबकीय आवरण निर्माण करतो, जे काही प्रमाणात ढालीचे काम करते. अर्थात असे आवरण मंगळाभोवतीही असते. म्हणूनच मंगळाचे क्षीण गुरुत्वाकर्षण, जे पृष्ठभागावर पृथ्वीच्या जेमतेम ३८ टक्के आहे, विचारात न घेता त्याचे वातावरण हिरावले जाण्याचा सारा दोष चुंबकीय क्षेत्राच्या अभावाला देणे मला अपुरे वाटते.