गेम डेव्हलपर व्हायचंय? आधी खुर्ची बघा

व्हिडिओ गेम बनवायचं ठरवलंत, अभिनंदन. अर्धं काम इथेच झालं. उरलेलं अर्धं म्हणजे प्रत्यक्ष गेम, त्याची काही घाई नाही.

सुरुवात खरेदीपासून करावी. घरातला जुना लॅपटॉप या कामाचा नाही, हे आईबाबांच्या गळी पहिल्याच आठवड्यात उतरवा. गोडॉट नावाचं इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं आणि साधा टूडी गेम त्याच जुन्या लॅपटॉपवर तयार होऊ शकतो, थ्रीडी चित्रं करायचं ब्लेंडरही फुकट आहे, ही माहिती घरात फुटू देऊ नका. तुम्हाला हवाय तो आतून सात रंगांत लुकलुकणारा पीसी आणि पाठीला लाल पट्टे असलेली खुर्ची. खुर्चीशिवाय कोडिंग होत नसतं. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला की खोलीतला एकमेव कूलर स्वतःकडे वळवायचा की पीसीकडे, हा तुमच्या करिअरमधला पहिला तांत्रिक निर्णय. पीसीकडे वळवा. तो महाग आहे.

मग इंजिन निवडा. म्हणजे निवडत राहा. युनिटी की अनरियल, यावर फुटाळा तलावाच्या काठावर बसून तावातावाने बोला. २०२३ च्या सप्टेंबरात युनिटीने गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेण्याची घोषणा केली, जगभरचे डेव्हलपर भडकले आणि वर्षभराने कंपनीला तो बेत सोडावा लागला. तुमचा गेम तोवर कोणीच इन्स्टॉल केला नव्हता, कारण तो नव्हताच. पण निषेधात तुम्ही सगळ्यांच्या पुढे होता, हे विसरून चालणार नाही.

आता विषय. पहिला गेम मोठाच हवा. झिरो माइलपासून मिहानपर्यंत अख्खं नागपूर, एका वेळी शंभर खेळाडू, प्रत्येक पोहेवाल्याशी बोलता येईल आणि तर्री किती घ्यायची त्यावर कथेला वळण मिळेल. एखादा मित्र म्हणेल, "अबे, आधी लहानसा बनव ना काहीतरी." त्याच्यापासून सावध राहा. लहान गेमांनी कोणाचं भलं झालंय? १९७२ मध्ये अटारी या अमेरिकेतल्या गेम कंपनीत ॲलन ॲलकॉर्न नव्याने लागला, हात बसावा म्हणून संस्थापक बुशनेलसाहेबांनी त्याला दोन फळ्या आणि एक चेंडू असलेला सरावाचा गेम करायला दिला. त्याचा झाला पाँग, आणि त्यावर कंपनी उभी राहिली. १९८४ मध्ये मॉस्कोत पाजित्नोव्ह नावाच्या प्रोग्रामरकडे तर चित्रंही न दाखवणारा संगणक होता. त्याने कंसांचेच ठोकळे केले आणि टेट्रिस उभा केला. असली गरिबी आपल्याला परवडायची नाही.

तोच मित्र पुढे म्हणेल, "मारबतीवर कर." पोळ्याचा दुसरा दिवस, महाल-इतवारीच्या गल्ल्या, मारबत आणि बडग्या या पुतळ्यांची मिरवणूक, गर्दीतून बडग्या पुढे न्यायचा, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत"चा गजर चढत जाईल तसा वेग वाढवायचा, शेवटी काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर आणायच्या. एक स्क्रीन, एक बटण, आणि जगाच्या पाठीवर दुसऱ्या कोणाला सुचणार नाही असा गेम. म्हणूनच तो करू नये. तुम्ही बर्फाळ किल्ला आणि ड्रॅगनच घ्या. बर्फ आपण गोळ्याच्या गाडीवरच पाहिलाय ही गोष्ट वेगळी.

कल्पना कोणाला सांगू नका, चोरतात. सांगायचीच झाली तर आधी स्टँप पेपर आणा.

कोडकडे वळायची वेळ आलीच, तर एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, म्हणजे ती टाळता येईल. पात्र दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, ५ पिक्सेल पुढे सरकेल असं लिहा. तुमच्या मशीनवर सेकंदाला ६० फ्रेम पडतात, म्हणजे ते सेकंदाला ३०० पिक्सेल चालेल. धरमपेठेतल्या मित्राचं मशीन १४४ फ्रेम काढतं, तिथे तेच पात्र ७२० पिक्सेल धावेल. यावर इलाज जुना आहे: वेग सेकंदाच्या हिशेबात लिहायचा आणि मागच्या फ्रेमपासून जितका वेळ गेला त्याने गुणायचं. एका ओळीचं काम. ते करू नका. "तुझं मशीनच खराब आहे," म्हणा.

गणिताचंही तसंच. पहारेकऱ्याला खेळाडू समोर दिसतोय की पाठीमागे आहे, हे डॉट प्रॉडक्टच्या, म्हणजे दोन व्हेक्टरांच्या एका गुणाकाराच्या, चिन्हावरून कळतं. अकरावीत तुम्ही ते सूत्र पाठ करून, पेपरात लिहून, कायमचं सोडून दिलंत. शिक्षकांनी ते कशाला लागतं हे सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही, हिशेब चुकता झाला. आता परत उघडणं बरं दिसत नाही.

गेम कोणाला खेळायला देऊ नका. द्यावाच लागला तर मागे उभं राहून सतत बोला: "तिथे नाही, इकडे उडी मार… अरे, ते दार नाही." खेळणारा गप्प बसून कुठे अडकतो ते तुम्ही पाहिलं तर चूक त्याची नसून गेमची आहे, असा भलताच निष्कर्ष निघू शकतो. लुडम डेअरसारख्या स्पर्धांपासूनही लांब राहा, तिथे ४८ तासांत एकट्याने आख्खा गेम करून लोकांसमोर ठेवतात.

घरचे फारच मागे लागले तर एरिक बॅरोनचं उदाहरण द्या. त्याने स्टारड्यू व्हॅली एकट्याने केला, चार वर्षांहून जास्त लागली, २०१६ मध्ये आला आणि लाखोंनी विकला गेला. यातलं "एकटा" आणि "चार वर्षं" एवढंच घरी सांगा. थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवायची नोकरी करून तो उरलेला वेळ गेमला देत होता, हा भाग मामांसमोर काढलात तर ते दुसऱ्या दिवशी नोकरीच शोधून आणतील.

पुण्यातल्या एखाद्या स्टुडिओत अर्ज करा. २०२० चा राजी हा गेम पुण्यातच झाला, त्यामुळे तिकडे हे काम चालतं हे सिद्ध आहे. ते म्हणतील, केलेल्या गेमची लिंक पाठवा. तुम्ही कथा पाठवा, राजघराण्यांच्या वंशावळीसकट.

आणि "काय करून राहिला बे सध्या? डेमो कधी?" असं कोणी विचारलंच, तर नागपूरचं कॅलेंडर तुमच्या बाजूने आहे. उन्हाळ्यात ऊन फार. पावसाळ्यात लाइट जाते. मग पोळा, गणपती, दिवाळी. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, मोर्चांनी रस्ते अडलेले, कामाला पोचणार कसं? तुम्ही घरीच बसून काम करता, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.