गार पाणी, तपकिरी चरबी आणि वजन

‘गार पाण्याने अंघोळ करा, तपकिरी चरबी जागी होऊन वजन झरझर उतरेल’ हा मेसेज अर्धाच खरा आहे. तपकिरी चरबी म्हणजे ऊर्जा साठवण्याऐवजी जाळून ऊब देणारी चरबी. थंडीने ती चेतते, हे बरोबर. तिच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या (ऊर्जा बनवणाऱ्या सूक्ष्म भागांच्या) आतल्या पडद्यात यूसीपी-१ हे प्रथिन असते. एरवी अन्न जाळताना या पडद्याबाहेर ढकललेले प्रोटॉन (धनभारित कण) एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा-चलन, बनवणाऱ्या एन्झाइममधून परततात. इथे ते यूसीपी-१च्या चोरवाटेने आत शिरतात आणि एटीपीऐवजी उष्णता मिळते. पण प्रौढांत ही चरबी मानेपाशी, गळपट्टीच्या हाडामागे, कण्यालगत अशी थोडीच उरते. शिवाय कुडकुडण्याची ऊब स्नायूंची, तिचे श्रेय हिला कशाला? नंतर भूक वाढली तर हिशेब तिथेच फिटतो.

प्रोटॉनना चोरवाट देण्याचे हेच काम गोळीने साधू म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. डायनायट्रोफिनॉल हे रसायन १९३०च्या दशकात अमेरिकेत वजन उतरवायला असेच खपले. ताप चढून माणसे दगावली.