नदी सरळ केली की पूर संपतो? थोडं थांबा

पावसाळा जवळ आला की एक मेसेज फिरतो: ‘कृष्णा नागमोडी आहे म्हणून सांगली बुडते. वळणं कापा, पूर कायमचा बंद.’

यातलं अर्धं खरं आहे आणि तेच घातक. वळण कापलं की तिथलं पाणी लवकर निघतं. पण उंचीतला फरक तोच, अंतर मात्र कमी, म्हणजे उतार वाढतो. वेग वाढलेलं पाणी वरच्या अंगाला तळ खरवडतं, आणि खालच्या गावांत गाळ अन् पूर दोन्ही लवकर पोचतात.

फ्लोरिडातल्या किसिमी नदीवर हे करून झालंय. १९६२ ते १९७१ मध्ये सुमारे १६६ किलोमीटरच्या वळणदार नदीचा ९० किलोमीटरचा कालवा केला. पाणथळ जमिनी सुकल्या, पाणपक्षी गेले. मग १९९९ पासून त्याच कालव्याचा काही भाग बुजवून जुनी वळणं जिवंत केली. ते काम २०२१ ला संपलं!

कुठल्याही वळणावर उभं राहून बघा: बाहेरच्या काठाला उभी दरड, खाली डोह, आत वाळूचा उतरता पट्टा. नदी एकीकडे कापते, दुसरीकडे भरते. म्हणून अभ्यासक आधी पात्राचे आडवे छेद (या काठापासून त्या काठापर्यंत कुठे किती खोल ते) मोजतात, वाळूचे कण चाळून बघतात, जुने नकाशे नव्यांवर ठेवतात. जेसीबी नंतर.

आणि हो, ऑगस्ट २०१९ ला सांगली बुडाली तेव्हा घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस, धरणांचे विसर्ग, पूररेषेतली बांधकामं, यातलं काहीच त्या मेसेजमध्ये नाही.