ग्राफिक्स कार्ड भाजून दुरुस्त होत नाही, आणि कार्ड गेले म्हणून संगणक भंगार होत नाही

मराठवाड्यातील डीटीपीवाले (संगणकावर छपाईचा मजकूर जुळवणारे) आणि संगणक दुरुस्ती करणारे यांच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये एक संदेश वारंवार फिरतो. त्याचे म्हणणे असे की, जुन्या डेस्कटॉपचे पंखे फिरत असूनही डिस्प्ले येत नसेल तर ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा सुटा भाग, गेलेच. ते ओव्हनमध्ये किंवा हॉट एअर गनने दहा मिनिटे तापवले की नव्यासारखे चालते. आणि तरीही चालले नाही तर जुन्या मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य बोर्डावर) नवे कार्ड बसत नसल्यामुळे संगणक डेटासकट गेला असे समजावे. लग्नपत्रिका, बॅनर आणि ऑनलाइन अर्ज यांवर ज्यांचे घर चालते ती माणसे असा संदेश वाचून चांगले यंत्र मोडीत काढतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

डिस्प्ले न येण्याचे कारण कार्डच असेल असे मुळीच नाही. रॅमचे संपर्क खराब होणे, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) कमजोर होणे किंवा मॉनिटरची केबल सैल असणे, यांतल्या कशानेही पडदा काळाच राहतो. कार्ड खराब होत असते तेव्हा बहुधा आधीपासूनच पडद्यावर आडव्या-उभ्या रेघा किंवा रंगीत चौकोन दिसू लागतात. म्हणून वीज बंद करून, प्लग काढून, प्रथम रॅम काढावी, तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलके पुसावेत आणि ती पुन्हा नीट बसवावी. त्यानंतर कार्डच काढून ठेवावे आणि मॉनिटर थेट मदरबोर्डला जोडावा. परभणीतील एका डीटीपीच्या दुकानात मी पाहिलेल्या जी४१ चिपसेटच्या, म्हणजे ग्राफिक्स मदरबोर्डवरच असलेल्या, जुन्या संगणकावर मदरबोर्डच्या निळ्या व्हीजीए पोर्टवर प्लास्टिकचे टोपण तसेच होते. ते काढून केबल लावली, कार्ड बाहेर काढले आणि डिस्प्ले आला. पत्रिकेच्या कामाला तेवढे पुरते. मात्र पोर्ट आहे म्हणजे चित्र येईलच असे नाही, कारण इंटेलच्या २०११ नंतरच्या संगणकांत ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये असते आणि ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असते त्या प्रोसेसरमध्ये ते नसते. एएमडीच्या एफएक्स मालिकेतही नसते.

आता तापवण्याविषयी, कारण संदेशातील सर्वांत घातक भाग हाच आहे. शिशाच्या वापरावरील युरोपातील निर्बंध २००६ च्या जुलैपासून लागू झाल्यावर अशा कार्डांवर प्रामुख्याने शिसेविरहित सोल्डर (भाग जोडणारा धातूचा डाक) वापरले जाऊ लागले, आणि ते सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळते. घरच्या ओव्हनमध्ये सांगितले जाणारे १९० ते २०० अंश तापमान त्याला वितळवूच शकत नाही. मग कार्ड काही वेळा चालू का होते? चिपच्या वेष्टनाच्या आत, सिलिकॉन आणि त्याखालची पट्टी यांना जोडणारे अतिसूक्ष्म सोल्डरचे ठिपके असतात. वर्षानुवर्षे तापून-थंड होऊन त्यांना तडे जातात, आणि उष्णतेने प्रसरण झाले की तुटलेली टोके काही काळ पुन्हा एकमेकांना टेकतात. तडा मात्र तसाच राहतो, म्हणून काही दिवसांत किंवा आठवड्यांत तीच तक्रार परत येते. लॅपटॉपमधील काही चिपच्या वेष्टनातील अशाच कमकुवत सामग्रीमुळे एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीला २००८ मध्ये सुमारे २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली होती.

हॉट एअर गनने सोल्डर वितळेलही, पण उष्णता एकाच जागी पडून बोर्ड वाकतो, आणि १०५ अंशांपर्यंतच टिकण्यासाठी बनवलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगतात. ज्या ओव्हनमध्ये घरचे अन्न शिजते त्यात सर्किट बोर्ड तापवणे तर आरोग्याशी खेळणे आहे. आपल्याकडे धूळ आणि चाळिशीपार जाणारे ऊन हे कार्डाचे खरे शत्रू आहेत. काम सुरू असताना संगणक अचानक बंद पडत असेल तर कार्डाचा पंखा जाम झाला आहे का हे पाहावे, हीटसिंकमधील (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमधील) धूळ काढावी आणि चिप व हीटसिंक यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. चिप अजून शाबूत असेल तर एवढ्याने काम भागते.

नवे कार्ड बसत नाही, हे विधान एजीपी या जुन्या प्रकारच्या कार्डाच्या स्लॉटच्या (खाचेच्या), म्हणजे साधारण २००४ पूर्वीच्या संगणकांपुरते बरोबर आहे. त्यानंतर आलेल्या पीसीआय एक्सप्रेसच्या जुन्या स्लॉटमध्ये नंतरच्या आवृत्तीचे कार्ड कमी वेगाने का होईना, चालते. हा स्लॉट ७५ वॅटपर्यंत वीज देतो आणि जीटी ७१० या साध्या कार्डाला १९, तर जीटी १०३० ला ३० वॅट लागतात. त्यामुळे त्यांना वेगळी वीजजोडणी द्यावी लागत नाही. अगदी अलीकडच्या कार्डांना मात्र यूईएफआय (संगणक सुरू करणारी मदरबोर्डवरील नवी प्रणाली) लागू शकते, आणि तिच्या आधीच्या जुन्या बायोसवर ती चित्र देतीलच याची खात्री नसते. म्हणून वापरलेले कार्ड घेताना ते आपल्याच संगणकावर लावून पाहण्याची अट आधी घालावी.

डेटाचा तर ग्राफिक्स कार्डशी संबंधच नाही. तो हार्ड डिस्कवर असतो आणि ती दुसऱ्या संगणकाला जोडून सर्व फाइली काढता येतात. संगणक खरोखरच टाकायची वेळ आली, तरी ई-कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच द्यावा, आणि त्याआधी हार्ड डिस्क काढून स्वतःजवळ ठेवावी.