‘नक्षी आहे म्हणजे टायर नवाच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

परवा रात्री भाच्यानं एक लांबलचक मेसेज पाठवला. खाली एकच ओळ: ‘मामा, हे वाच आणि सांग, माझं काही चुकतंय का?’ मेसेजचं शीर्षक होतं ‘स्पोर्ट्स कारच्या टायरबद्दल कंपन्या लपवतात ती सात सत्यं’. हाच मजकूर याआधी दोघांकडून माझ्याकडे आला होता आणि मी तो न वाचताच सोडून दिला होता. या वेळी सोडवेना. भाच्यानं नुकतीच एक जुनी, मागच्या चाकांवर चालणारी दोन सीटची गाडी घेतली आहे, आणि हे सगळं वाचून तो कुणाचे तरी ट्रॅकवर वापरलेले सेमी-स्लिक टायर (शर्यतीच्या टायरसारखे, मऊ रबराचे आणि कमी खाचांचे) घ्यायला निघाला होता. त्यानं फोटोही पाठवले. नक्षी, म्हणजे टायरवरच्या खाचा, भरपूर शिल्लक दिसत होती. टायरच्या बाजूला, डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे होते: 1417.

म्हणजे 2017 सालचा चौदावा आठवडा. टायर बनून आठ वर्षं उलटून गेली होती, आणि भाच्याला त्या आकड्यांचा अर्थच ठाऊक नव्हता. ठाऊक असता तरी मेसेजनं त्याला तिकडे बघू दिलं नसतं, कारण पहिलाच मुद्दा तो आहे.

‘टायरचं वय बघू नका, नक्षी बघा’

मेसेज म्हणतो की तारीख हा विक्री वाढवायचा डाव आहे. नक्षी शिल्लक आहे आणि भेगा नाहीत, तर टायर नवाच. सातही मुद्द्यांत सगळ्यात घातक हाच, म्हणून यावर जास्त बोलणार आहे.

रबर कारखान्यातून बाहेर पडलं की बदलायचं थांबत नाही. हवेतला ऑक्सिजन त्यात मुरत राहतो, रबराच्या साखळ्या एकमेकींना जास्त घट्ट बांधल्या जातात, मऊपणा देणारी तेलं हळूहळू निघून जातात. रबर कडक होत जातं. पकड मिळते ती रबर डांबराच्या बारीक खडबडीतपणात रुतल्यामुळे, आणि कडक रबर रुतत नाही. ओझोनपासून वाचवणारी द्रव्यं टायरमध्ये घातलेली असतात, पण टायर फिरताना, दबताना-सुटताना ती पृष्ठभागावर येतात. उभ्या गाडीच्या टायरला तेही संरक्षण पुरेसं मिळत नाही. आता ही गाडी कशी वापरली जाते ते बघा. रोज धावणाऱ्या गाडीचा टायर झिजून संपतो. आठवड्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या स्पोर्ट्स कारचा टायर झिजायच्या आधीच म्हातारा होतो. ‘नक्षी बघा’ हा सल्ला ज्यांच्या बाबतीत हमखास फसतो, त्याच मालकांना तो दिला जातोय. याचा मला राग येतो.

हे कुणाला पुस्तकी वाटत असेल तर एक अपघात आठवा. 30 नोव्हेंबर 2013, कॅलिफोर्नियातलं सांता क्लॅरिटा. पोर्श कॅरेरा जीटी, 600 हून जास्त अश्वशक्तीची गाडी. शेजारच्या सीटवर अभिनेता पॉल वॉकर. गाडी आदळली, पेटली, चालक आणि वॉकर दोघेही गेले. मार्च 2014 मध्ये तपासाचे निष्कर्ष जाहीर झाले. गाडीत यांत्रिक बिघाड सापडला नाही. वेग ताशी 80 ते 93 मैलांच्या दरम्यान होता, म्हणजे साधारण 130 ते 150 किलोमीटर. त्या रस्त्याची मर्यादा 45 मैलांची, म्हणजे सुमारे 72 किलोमीटर. अपघाताचं कारण वेग असंच तपास सांगतो आणि मी ते झाकत नाही. पण त्याच तपासात टायर 9 वर्षांचे होते हेही नोंदलेलं आहे, आणि त्या वयामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झालेला असू शकतो असंही म्हटलेलं आहे. मेसेजच्या कसोटीवर ते टायरही कदाचित ‘नवेच’ ठरले असते.

टायर कंपन्यांचं म्हणणं आडपडद्याचं नाही. मिशेलिन सांगते की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या आणि 10 वर्षांनंतर, दिसायला कितीही चांगला असला तरी, टायर काढा. कित्येक गाडी कंपन्या सहा वर्षांवरच थांबायला सांगतात. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मी सहा वर्षांचीच रेघ धरतो. आणि भाच्यानं दाखवलेला संच नुसता जुना नाही, तो ट्रॅकवर तापून निवलेला आहे, पुन्हा पुन्हा. अशा प्रत्येक फेऱ्यात मऊ रबर आणखी थोडं कडक होतं. ‘फक्त तीन हजार किलोमीटर चाललेत’ असं विकणारा म्हणतो तेव्हा ते किलोमीटर कुठले, हे विचारायला हवं.

‘ट्रॅकवर जो सगळ्यात जास्त चिकटतो, तोच रस्त्यावर सगळ्यात सुरक्षित’

यात अर्धं सत्य आहे, तेवढं देऊन टाकतो. सेमी-स्लिक रस्त्यावर वापरायला मान्यता असलेले टायर आहेत, आणि पोर्शच्या 911 जीटी3 सारख्या गाड्या कारखान्यातूनच तसे टायर घेऊन निघतात. 2024 मध्ये कॅरेरा जीटी याच मॉडेलच्या एका गाडीला नव्यानं बनवलेले मिशेलिनचे पायलट स्पोर्ट कप 2 हे सेमी-स्लिक टायर चढवून जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या ट्रॅकवर फेरी मारली गेली: 7 मिनिटं 12.69 सेकंद. वीस वर्षांपूर्वीच्या वेळेपेक्षा पंधराहून जास्त सेकंद कमी. गाडी तीच जुनी. टायर किती फरक पाडतो याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

पण ती फेरी निष्णात चालकाची, बंद ट्रॅकवरची, ताज्या आणि तापलेल्या टायरवरची आहे. हे रबर गरम झाल्यावर काम करतं. सार्वजनिक रस्त्यावर, मर्यादेत चालवताना, सिग्नलला थांबत, वळणावर समोरून कोण येतंय याचा अंदाज घेत चालवताना ते तेवढं तापतच नाही. साधा उन्हाळी (म्हणजे थंडी-बर्फासाठी न बनवलेला) टायरसुद्धा साधारण 7 अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागतो. सेमी-स्लिकची पकड त्याहून झपाट्यानं उतरते. अशा टायरवर एका थंड पहाटे, घरातून निघाल्यावर दुसऱ्याच वळणाला माझी मागची बाजू सुटली होती. वेग सायकलवाल्यालाही परवडेल इतका होता. रस्ता रिकामा होता म्हणून निभावलं.

आणि पाणी. नक्षीचं काम टायरखालचं पाणी बाहेर फेकायचं. सेमी-स्लिकला खाचा मुळातच कमी आणि उथळ. 1963 साली नासाच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांवरून एक सूत्र मांडलं, ते आजही धरलं जातं: टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला पौंड) घेऊन त्याचं वर्गमूळ काढा, त्याला 10.35 नं गुणा, म्हणजे टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. 32 पीएसआयला हे उत्तर साडेअठ्ठावन्न मैल येतं, म्हणजे जेमतेम ताशी 94 किलोमीटर. हा हिशेब पाणी नक्षीत मावेनासं झाल्यानंतरचा आहे. खोल नक्षीत जास्त पाणी मावतं, उथळ नक्षीत लगेच संपतं. कायद्यानं 1.6 मिलिमीटर नक्षी पुरे असं पुष्कळ देशांत आहे; मी 3 मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर पावसात वेग घेणार नाही. ‘पावसात आपण सावकाशच जातो’ असं मेसेज म्हणतो. 94 ला कुणी भरधाव म्हणत नाही, आणि पाऊस अर्ध्या वाटेतही येतो.

कुणाला खरंच ट्रॅकवर जायचं असेल तर सेमी-स्लिक वेगळ्या रिमवर चढवून ठेवावेत, ट्रॅकच्या दिवशी घालावेत आणि एरवी चांगला उन्हाळी टायर वापरावा. निवड करताना तो ओल्यात किती लवकर थांबतो हे आधी बघावं. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर ही ओल्यातली पकड लेबलवरच ए ते ई अशी लिहिलेली असते.

‘जितका रुंद, तितकी पकड’

टायर रस्त्याला किती क्षेत्रफळानं टेकतो हे मुख्यतः वजनावर आणि हवेच्या दाबावर ठरतं. रुंद टायर घातला की ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या वळणावर त्याचा फायदा मिळतो, हे खरं. ओल्यात तोच आडवा ठसा पाण्यावर लवकर चढतो. शिवाय इंजिनिअरांनी पुढच्या-मागच्या चाकांचा जो मेळ घातलेला असतो, तो मोडतो. मापात बदल करायचाच तर चाकाचा एकूण व्यास सांभाळावा लागतो. 225/45 आर 17 आणि 225/40 आर 18 (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) यांच्या व्यासात जेमतेम 3 मिलिमीटरचा फरक आहे, म्हणून तो बदल चालून जातो. नुसती रुंदी वाढवणं ही वेगळी गोष्ट.

‘गाडी कंपनीची खूण म्हणजे लुबाडणूक’

गाडी कंपनीनं आपल्या गाडीसाठी मान्य केलेल्या टायरवर तिची खूण असते: पोर्शसाठी एन आणि पुढे आकडा, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ. इथे मला थोडी माघार घ्यावी लागते. गाडी जुनी असेल तर खूण असलेला टायर कधी कधी मागच्या पिढीतल्या रबराचा असतो आणि खूण नसलेला नवा टायर त्याहून सरस निघू शकतो. पण खुणेमागे त्या गाडीवर घेतलेल्या खऱ्या चाचण्या असतात, रबर आणि आतली बांधणी त्याप्रमाणे बदललेली असते. खूण सोडायची तर चारही टायर एकाच जातीचे घ्यावेत. पुढे एक आणि मागे भलतंच, हे या गाड्यांना चालत नाही.

‘दोनच घ्यायचे तर नवे पुढे’

साफ चूक. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की बहुतेक वेळा सावरते. मागची सुटली तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणं बहुतेकांच्या हातात नसतं. म्हणून चांगली जोडी मागे. पुढचं-मागचं माप वेगळं असेल तर अदलाबदलीचा प्रश्नच उरत नाही.

उरलेले दोन

‘आपण कुठे 300 नं जातो, मग कमी वेगाचं अक्षर चालेल.’ टायरवरचं हे अक्षर त्याची कमाल वेगमर्यादा ताशी किलोमीटरमध्ये सांगतं, आणि टायर किती उष्णता सहन करतो तेही. मूळ टायर वाय, म्हणजे 300 चा असेल, तर एच, म्हणजे 210 चा घालू नये. भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, तोही मूळपेक्षा कमी नको. 91 म्हणजे एका टायरवर 615 किलो.

‘नायट्रोजन भरला की दाब बघावाच लागत नाही.’ साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. दाब दोन्हींत उतरतो. टायर थंड असताना बघायचा.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो थोडा रुसला, पण टायर घेतले नाहीत. मग त्यानंच विचारलं, ‘आत्ता गाडीला आहेत त्यांचं काय?’ मी म्हटलं, आकडे वाच. बाहेरच्या बाजूला पूर्ण आकडे नव्हते. काही टायरवर ते आतल्याच बाजूला असतात. तो टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा झाला. पुढचे दोन 2021 चे निघाले, मागचे दोन 2015 चे. नक्षी चारही टायरना चांगली होती. गाडी आता उभी आहे, चारही टायर बदलेपर्यंत.