दूध स्वयंपाक करत नाही, दादा!

दादा, क्लॉज-फ्रेजवरच्या माझ्या इंग्लिश व्याकरणाच्या पोस्टखालची तुमची कमेंट तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं असं की क्लॉज, फ्रेज, मॉडिफायर ही सगळी घोकंपट्टी आहे, तुमची मुलगी युट्यूब बघून फाडफाड इंग्लिश बोलायला लागली आणि तिला यातलं एक नाव माहीत नाही, आणि वर 'आफ्टर फिनिशिंग द वर्क'ला मी फ्रेज म्हटलं ते साफ चूक, तो क्लॉज आहे.

शेवटचं आधी घेते. आपल्या शाळेतल्या व्याकरणात कर्ता आणि काळ दाखवणारं पूर्ण क्रियापद दोन्ही असेल तरच क्लॉज, नाहीतर तो नुसता शब्दगट म्हणजे फ्रेज, म्हणून हे 'फिनिशिंग'वालं फ्रेजमध्ये गेलं. हल्लीचे बरेच व्याकरणवाले त्यालाच नॉन-फायनाइट, म्हणजे काळ न दाखवणाऱ्या क्रियापदाचा क्लॉज म्हणतात. म्हणजे तुम्हीही बरोबर, मीही बरोबर, पण हे मी पोस्टमध्येच सांगायला हवं होतं ते राहिलं. आणि 'अधोरेखित भागाचं नाव लिहा' टाइपचे २० प्रश्न टाकले ते खरंच रटाळ होते, तेही मान्य.

पण नावं टाकून दिली तरी भानगड उरतेच ना. आता हे बघा, "स्वयंपाक करताना दूध उतू गेलं." मराठीत याला कुणी नाव ठेवणार नाही, स्वयंपाक कोण करत होतं ते ऐकणाऱ्याला आपोआप कळतं, '-ताना'ला पुढचा कर्ता तोच असायला पाहिजे असं काही नाही. हेच आपण शब्दाला शब्द लावून 'व्हाइल कुकिंग, द मिल्क बॉइल्ड ओव्हर' असं लिहितो, आणि इंग्लिश वाचणारा कर्ता शोधत स्वल्पविरामाच्या पुढे जातो तर तिथे त्याला दूध भेटतं. दूधच पदर खोचून ओट्याशी उभं! हाच तो डँगलिंग मॉडिफायर, म्हणजे ज्याच्याबद्दल आहे तोच वाक्यात नाही म्हणून लोंबकळत राहिलेला तुकडा. यावर उपाय काय, तर 'व्हाइल आय वॉज कुकिंग', म्हणजे कर्त्याला आत आणून बसवायचं. झाला की नाही शाळेतल्या फ्रेजचा क्लॉज? नाव नाही आलं तरी चालेल, पण हे करता आलं पाहिजे.

त्यात गंमत अशी की '-ऊन'चं तसं नाही. "घरी येऊन चहा केला", इथे येणारा आणि करणारा बहुतेक वेळा एकच असतो, त्यामुळे ते इंग्लिशमध्ये नीट जातं. म्हणून आपलं निम्मं बरोबर येतं, निम्मं चुकतं, आणि का ते कळतच नाही.

'च'चंही तेच. "मीच पैसे दिले", "मी पैसेच दिले", आपला 'च' ज्याच्या पाठीवर बसला त्याचाच. 'ओन्ली' मात्र बहुतेकदा क्रियापदाच्या आधी जाऊन बसतो आणि जोर कशावर आहे ते बोलताना आपण आवाजाने निभावून नेतो. इथेच तुमचा ऐकून शिकण्याचा मुद्दा मला अर्धाच पटतो. ऐकून बोलणं येतं, शंभर टक्के येतं. पण मेलला आवाज नसतो हो. माझ्या संध्याकाळच्या बॅचमधल्या एकाने ऑफिसात लिहिलं, 'द कस्टमर सेड ऑन मंडे ही वुड पे.' साहेबांनी सोमवारी पैसे येणार म्हणून वाट बघितली, आणि कस्टमर फक्त म्हणाला होता सोमवारी! मराठीत "सोमवारी म्हणाला की देईन" आणि "म्हणाला की सोमवारी देईन", आपला 'की' मधे भिंतीसारखा उभा असतो. इंग्लिशमध्ये 'दॅट' गाळला की ती भिंतच गेली.



मुलीला एक वाक्य द्या, 'रनिंग फॉर द ट्रेन, माय चप्पल ब्रोक.' क्लॉज कुठला फ्रेज कुठली अजिबात विचारू नका. ट्रेन पकडायला कोण धावलं एवढंच विचारा, आणि ती काय म्हणाली ते इथे नक्की लिहा.